वाचनाआधीच्या कृती: आकलन वाढवतात की तासिका खातात?

फळाखडू
इथे शिक्षक आणि पालक दोघेही आहेत, म्हणून विचारते. सहावीसाठी एक माहितीपर उतारा घ्यायचा आहे, ‘खाडीचे पहारेकरी’. साधारण साडेतीनशे शब्द, विषय ठाणे खाडीतली तिवरं (खारफुटीची झाडं) आणि फ्लेमिंगो. तासिका ३५ मिनिटांची, वर्गाचा पट ४८.

वाचनपूर्व कृतींची यादी लांबलचक आहे: शीर्षकावरून अंदाज, चित्रचर्चा, शब्दजाळं (एका शब्दाभोवती संबंधित शब्द लिहिणं), कठीण शब्दांचे अर्थ, ‘माहीत आहे – जाणून घ्यायचंय – कळलं’ असा तक्ता, सहमत-असहमत विधानं. सगळं केलं तर वीस मिनिटं तिथेच संपतात आणि उतारा घाईत उरकावा लागतो. वर मुलं प्रश्नांची उत्तरं चर्चेत ऐकलेल्यावरून लिहितात, उतारा उघडायची गरजच पडत नाही. याला वाचनाचं आकलन म्हणायला मी तयार नाही.

यातलं काय ठेवावं, किती मिनिटं द्यावीत, आणि कुठल्या पाठाला हे काहीच करू नये?

कळवेकर
फळाखडू ताई, कृती निवडण्याआधी उतारा पेन्सिल घेऊन स्वतः वाचा आणि लेखकाने जे गृहीत धरलं आहे तिथे खूण करा. जे उतारा स्वतः सांगतो त्याला हात लावू नका. तुमच्या उताऱ्यात बहुधा तीनच गोष्टी निघतील. भरती-ओहोटी दिवसातून साधारण दोनदा होते. खाडीतल्या चिखलात हवा जवळजवळ नसते. आणि ठाणे खाडी नकाशावर नेमकी कुठे आहे. मुळं वर का येतात, पानांवर मीठ का दिसतं, फ्लेमिंगो काय खातात, हे सगळं उतारा सांगणारच असेल. ते आधी सांगितलंत तर वाचायला काही शिल्लकच राहत नाही, आणि तुमची तक्रार नेमकी तीच आहे.

म्हणजे या तीन गोष्टी, सहा ते आठ मिनिटं, आणि पुस्तक उघडा.

या गोष्टी आधीच का द्यायच्या, यावर ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांचा १९७२ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. कपडे धुण्याचं वर्णन, पण ‘कपडे’ हा शब्दच नाही. विषय आधी सांगितला त्यांना उतारा समजला आणि लक्षातही राहिला. वाचून झाल्यावर सांगितला त्यांना फायदा झाला नाही. ‘आधी वाचू दे, मग समजावतो’ ही सवय म्हणूनच महागात पडते.

काठावरून
‘खाडीचे पहारेकरी’ या शीर्षकावरून अंदाज विचारलात तर सगळा वर्ग पोलीस आणि कोस्टगार्ड म्हणणार :)

फळाखडू
@काठावरून, म्हणतीलच! पण मग ते शीर्षक वापरावं की टाळावं?

कळवेकर
वापरा, पण एकट्या शीर्षकावर नको. शीर्षक, चित्र आणि पहिलं वाक्य असे तीन धागे द्या आणि फक्त दोन अंदाज फळ्यावर लिहा. पहिले दोन परिच्छेद झाले की थांबा. ‘कोणता अंदाज टिकला, कोणता पडला, आणि कुठल्या ओळीने?’ ओळीवर बोट ठेवायलाच लावायचं. अंदाज घेतात सगळे, त्याच्याकडे परत कुणी जात नाही, म्हणून ती कृती वाया जाते. परत जायला वेळ नसेल तर अंदाज घेऊच नका.

बीएड_जुने
पाठ टाचणात (तासाच्या लेखी आराखड्यात) ‘प्रस्तावना’ आणि ‘हेतुकथन’ (आज काय शिकणार ते सांगणं) लिहिलेल्या पिढीतली आहे. या वाचनपूर्व कृती म्हणजे तीच प्रस्तावना, असं समजून बरेच जण करतात. दोहोंत फरक आहे. प्रस्तावनेचे प्रश्न एका रांगेत लावलेले असायचे, शेवटचा प्रश्न मुलांना मुद्दाम न येणारा, आणि मग ‘आज आपण खारफुटीची माहिती घेणार आहोत’. म्हणजे सगळी धडपड विषयाचं नाव मुलांच्या तोंडून काढण्यासाठी. ‘पक्षी कुठे राहतात? पाण्यातले पक्षी कोणते? गुलाबी पक्षी कोणता?’ यात पाच-सात मिनिटं जातात आणि भरती-ओहोटीचा पत्ताच नसतो.

विषयाचं नाव सरळ फळ्यावर लिहा. शिल्लक राहिलेली मिनिटं भरती-ओहोटीला द्या.

शब्दवेडा
शब्दांबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो.

चार, फार तर पाच शब्द. निवडताना दोन चाळण्या लावायच्या. हा शब्द अडला तर परिच्छेद अडतो का? आणि त्याचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांतून लागतो का? पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही, असे शब्दच आधी घ्यायचे. ‘श्वसनमुळे’ हा शब्द अवघड दिसतो म्हणून सगळे आधी शिकवतात. पण उताऱ्यात पुढच्याच वाक्यात ‘चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली ही मुळे हवा घेतात’ असं काही असेल तर तो सोडून द्यावा. संदर्भावरून अर्थ लावायचा सराव मुलांना तिथेच मिळतो. उलट ‘गाळ’, ‘ओसरणे’, ‘तग धरणे’ असे साधे दिसणारे शब्द आपण गृहीत धरतो आणि मुलं तिथे अडखळतात.

एका शब्दासमोर एक शब्द लिहून अर्थ देऊ नये. ‘क्षार = मीठ’ लिहिलं की मुलगा जेवणातलं मीठ डोळ्यासमोर आणतो, आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार वाचताना पुन्हा अडकतो. वाक्यात वापरा, हाताने करून दाखवा, किंवा चित्र काढा. ‘ओसरणे’ला तर हाताचा तळवा हळूहळू मागे नेला तरी पुरतं. प्रत्येक शब्दाला एक मिनिट धरा. हे शब्द फळ्याच्या डाव्या बाजूला लिहा आणि तास संपेपर्यंत पुसू नका. वाचताना मुलांची नजर तिकडे जायला हवी.

ऐरोली_खाडी
शब्दवेडा, +१. फक्त एक भर. दिवे, घणसोली, सारसोळे, करावे, दिवाळे अशा गावांतली आगरी-कोळी मुलं वर्गात असतील तर भरती-ओहोटी शिकवणारे तुम्ही नाही, ती आहेत. खाजण, उधाण, चिंबोरी, निवटे हे त्यांच्या घरातले शब्द. पुस्तकी मराठीत लिहिलेलं हेच ज्ञान त्यांना परकं वाटतं आणि ती गप्प बसतात. ‘उधाण कधी येतं?’ एवढंच विचारा. अमावास्या-पौर्णिमा हे उत्तर त्या बाकावरून येईल. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज पुढे सरकते, ही जोड तुम्ही द्या. पूर्वज्ञान जागं करणं म्हणतात ते हे. ज्या मुलाला आपण कच्चा वाचक समजतो त्याच्याकडे या उताऱ्यापुरतं ते वर्गात सगळ्यात जास्त असू शकतं.

रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ मध्ये बेसबॉलवरच्या उताऱ्यावर हेच दाखवलं. वाचनात कच्ची पण खेळाची जाण असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली.

तुर्भे_नाका
आमच्या भागात एका वर्गात हिंदी, कन्नड, तेलुगू, गोरमाटी बोलणारी मुलं असतात. तिथे पहिली दोन मिनिटं चित्राबद्दल शेजाऱ्याशी घरच्या भाषेत बोलू द्यावं. कल्पना आधी पक्की होते, मग मराठी शब्द तिच्यावर बसतो. सुरुवातीपासून मराठीतच उत्तर मागितलं तर माहीत असूनही मूल ‘येत नाही’ म्हणतं, आणि आपण समजतो पूर्वज्ञान नाही.

तासिका_तिसरी
मला इथे थोडा विरोध नोंदवायचा आहे. आठ मिनिटांची तयारी, चार शब्द, हे जी मुलं अक्षर ओळखून सलग वाचतात त्यांच्यासाठी ठीक. जोडाक्षरावर अडणाऱ्या मुलाला तुम्ही खाडीत नेऊन उभं केलं तरी उतारा वाचता येणार नाही. गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं साधं समीकरण आहे: आकलन म्हणजे अक्षरवाचन गुणिले भाषेची समज. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्याजवळ असेल तर दुसरी कितीही वाढवा.

आधी मुलाची अडचण कुठे आहे ते बघा. साधी चाचणी आहे. उताऱ्यातला एक परिच्छेद त्याला एकट्याला वाचायला द्या आणि तीन प्रश्न विचारा. मग तितक्याच अवघड दुसऱ्या परिच्छेदाचं तुम्ही मोठ्याने वाचन करा आणि तीन प्रश्न विचारा. ऐकून येतं पण वाचून येत नाही, तर अडचण अक्षरवाचनाची. त्याला जोडाक्षरांचा आणि ओघाचा रोजचा सराव हवा, शब्दजाळं नको. दोन्हीकडे येत नसेल तर शब्द आणि माहिती कमी पडते आहे, आणि तिथेच वाचनपूर्व कृतींचं काम आहे. निपुण भारत या सरकारी अभियानाचा २०२१ पासूनचा भर खालच्या वर्गांच्या पायाभूत वाचनावर आहे, पण सहावी-सातवीतही अशी मुलं मागे राहिलेली असतात. त्यांना वेगळं न काढता सगळ्यांना एकच कृती देणं चुकीचं आहे.

कळवेकर
हा विरोध मान्य. अशा मुलांसाठी त्याच तासिकेत एवढं करता येतं: उताऱ्यातली अवघड जोडाक्षरं असलेले आठ-दहा शब्द वाचनाआधी फळ्यावरून दोनदा म्हणवून घ्यायचे. अर्थासाठी नाही, जिभेसाठी. दीड मिनिट लागतं आणि पहिल्या परिच्छेदातलं अडखळणं कमी होतं. पण हा तात्पुरता टेकू आहे, रोजच्या सरावाला पर्याय नाही.

पारसिक_बोगदा
पूर्वज्ञान जागं करा, जागं करा म्हणतो आपण, पण चुकीचं जागं झालं तर? ठाण्याच्या मुलांसाठी सगळ्यात चांगलं उदाहरण १६ एप्रिल १८५३ च्या पहिल्या रेल्वेगाडीचं. बोरीबंदर ते ठाणे, सुमारे ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० च्या आसपास प्रवासी, आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. हा पाठ घेताना ‘तुम्ही लोकलने कुठे कुठे जाता?’ असं विचारून सुरुवात केली की वर्ग एकदम रंगतो. पण प्रत्येकाच्या डोळ्यासमोर विजेवरची लोकल उभी राहते. मग ‘इंजिनात पाणी भरण्यासाठी गाडी थांबली’ हे वाक्य आलं की मुलं बुचकळ्यात पडतात. पाणी कशाला? इथल्या रेल्वेला वीज मिळाली ती १९२५ मध्ये, ही गोष्ट त्यांच्या पूर्वज्ञानात नसते.

तिथे लोकलबद्दल न विचारता दोन गोष्टी द्याव्यात. वाफेच्या इंजिनाचं चित्र: कोळसा, पाणी, वाफ, चाक. आणि एक प्रश्न: ‘रेल्वे नव्हती तेव्हा ठाण्याहून मुंबईला माणसं आणि माल कसा जात असेल?’ बैलगाडी, होडी, पायी, अशी उत्तरं आली की पहिल्या गाडीचं अप्रूप का होतं ते उताऱ्यात वाचताना आपोआप कळतं.

विषय ओळखीचा आहे म्हणून तयारी नको, असं म्हणता येत नाही. ओळखीच्या विषयात अर्धवट माहितीचा धोका जास्त.

नेरूळ_पूर्व
पारसिक, फार महत्त्वाचं लिहिलंत. याच कारणासाठी मला ‘माहीत आहे – जाणून घ्यायचंय – कळलं’ तक्ता मोठ्या वर्गात जपून वापरावा असं वाटतं. डोना ओगल यांनी १९८६ मध्ये तो मांडला. लहान गटात उत्तम. पण ४८ मुलांत पहिल्या रकान्यात ‘फ्लेमिंगो मासे पकडून खातात’ असं काहीही येतं, आपण ते फळ्यावर लिहितो, आणि फळ्यावर लिहिलेलं मुलांना खरं वाटतं. दुसरा रकाना रिकामा राहतो, कारण जे माहीतच नाही त्याबद्दल प्रश्न कसा पडणार?

मोठ्या वर्गाला सहमत-असहमत विधानं जास्त कामाची. चार विधानं पुरेत, पण ती बनवण्यातच खरी मेहनत आहे. या उताऱ्यासाठी:

समुद्राचं पाणी मिळालं तर कोणतंही झाड मरतं.
झाडाची मुळं नेहमी जमिनीच्या खालीच वाढतात.
फ्लेमिंगोची पिल्लं जन्मतःच गुलाबी असतात.
तिवरं तोडली तर नुकसान फक्त पक्ष्यांचं होतं.

पहिल्या तिन्ही विधानांना उताऱ्यात थेट उत्तर हवं. पिल्लं राखाडी असतात आणि रंग खाण्यातून येतो, हे उताऱ्यात नसेल तर तिसरं विधान काढून टाका. ज्या विधानाला उताऱ्यात थेट उत्तर नाही त्यावर मूल आपलाच चुकीचा समज घट्ट करून घरी जातं. चौथं विधान मुद्दाम असं आहे की दोन परिच्छेद जोडल्याशिवाय उत्तर येत नाही. आणि ‘खारफुटी महत्त्वाची आहे’ यासारखी विधानं घेऊ नका. असहमत कोण होणार?

वहीत तीन रकाने: वाचनाआधी, वाचनानंतर, ओळ क्रमांक. तिसरा रकाना नसेल तर मुलं पहिल्याचंच दुसऱ्यात उतरवतात. उताऱ्याच्या ओळींना पाच-पाचच्या टप्प्याने आधीच क्रमांक घाला. नाहीतर ‘कितवी ओळ’ मोजण्यात वेळ जातो. आधीचा रकाना भरायला तीन मिनिटं, तीही चर्चा न करता. चर्चा नंतर.

फळाखडू
‘आधी चर्चा नाही’ हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चर्चेत उत्तरं फुटतात, म्हणूनच मुलं ऐकलेलं लिहितात.

सिडको_सहावा
व्हिडिओचं काय? आता डिजिटल फळा असतो, आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राची सहलही काढता येते.

ऐरोली_खाडी
व्हिडिओ एक मिनिटाचा, आवाज बंद करून, आणि फक्त ओहोटीत उघडा पडणारा चिखल दाखवणारा. आठ मिनिटांची निवेदन असलेली फिल्म दाखवली तर उताऱ्यातलं सगळं त्यात येतं आणि वाचनाला कारणच उरत नाही. सहल मात्र वाचनानंतर काढावी. उताऱ्यात वाचलेली मुळं चिखलात शोधायला मुलं जातात तेव्हा निरीक्षण जास्त नेमकं होतं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत ते २०२२ मध्ये आलं. ही माहिती पाटीवरून मुलांनीच वाचून काढावी.

घोडबंदरची_आई
पालक म्हणून विचारते. मुलगी इंग्रजी माध्यमात चौथीला. २०२० च्या कायद्यापासून मराठी सगळ्या शाळांत सक्तीचं आहे, ते चांगलंच. घरी मराठीच बोलतो, पण पुस्तकातलं मराठी तिला जड जातं. शब्द विचारले तर येतात, वाक्याचा अर्थ येत नाही. घरी आधी काय करून घ्यावं?

शब्दवेडा
ताई, शब्द येतात आणि वाक्य येत नाही, म्हणजे अडचण बहुधा जोडणाऱ्या शब्दांत आणि वाक्याच्या लांबीत आहे. बोलताना आपण ‘पाऊस आला, मग आम्ही थांबलो’ म्हणतो. पुस्तकात ‘पाऊस आल्यामुळे थांबावे लागले’ असतं. धड्यातले ‘त्यामुळे’, ‘मात्र’, ‘तरीही’, ‘असूनसुद्धा’ पेन्सिलीने गोल करून द्या. ‘मात्र’ आला की पुढे उलटं काहीतरी येणार, ‘त्यामुळे’ आला की परिणाम येणार, एवढं सांगा. मग धड्यातली सगळ्यात लांब दोन वाक्यं तुम्ही थांबे घेत वाचून दाखवा: ‘जी झाडं खाऱ्या पाण्यात वाढतात / त्यांच्या पानांवर / मिठाचे कण दिसतात.’ तिने तसंच म्हणायचं. एकूण पाच मिनिटं. बाकी धडा तिने एकटीने वाचावा, मध्ये बोलू नका.

मासुंदा_तळे
कवितेला यातलं काहीही करू नये असं माझं ठाम मत आहे. कविता आधी मोठ्याने, चांगली वाचून दाखवावी, दोनदा. शब्दार्थांची यादी आधी दिली की लय मरते.

बीएड_जुने
आधुनिक कवितेपुरतं पटतं. संतरचनांना नाही. ‘तया’, ‘जेणें’, ‘ऐसें’ अशी रूपं सातवीच्या मुलाला परकी असतात, आणि दोनदा ऐकवूनही परकीच राहतात. तिथे चार-पाच रूपं आजच्या रूपांशेजारी ठेवली की ऐकण्यातला अडथळा जातो.

मासुंदा_तळे
रूपं ठीक, भावार्थ नको. आपण सगळे तिथेच घसरतो: रूपं सांगता सांगता ‘या अभंगात संत म्हणतात की...’ सुरू होतं.

बीएड_जुने
इथे पूर्ण सहमत. आणि कथेलाही तेच. कथेत स्थळ-काळ अनोळखी असेल तर दोन वाक्यांत सांगा, शेवटाचं चित्र झाकून ठेवा. पहिली-दुसरीला चित्रवाचन करून घेताना कलाटणीचं पान मुद्दाम बंद ठेवायचं, नाहीतर मूल चित्रावरूनच ‘वाचतं’ आणि अक्षरांकडे बघत नाही.

कोपरी_पूल
दहावीच्या अंगाने एक मुद्दा. कृतिपत्रिकेत (परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत) अपठित, म्हणजे आधी न वाचलेला, उतारा येतो तेव्हा शिक्षक बाजूला नसतो. आधीची तयारी मुलाने एकट्याने करायची असते. आठवीपासून हे हळूहळू त्याच्या हाती द्यायला हवं. सुरुवातीला शिक्षक विचारतो, मग जोडीत, मग एकटा: उतारा कशाबद्दल आहे हे पहिल्या आणि शेवटच्या वाक्यावरून बघ, मला याबद्दल काय माहीत आहे ते अर्धं मिनिट आठव, मग वाच.

प्रश्न आधी वाचावेत का, यावर नेहमी वाद होतो. आधी वाचले तर विचारलेलं पटकन सापडतं, पण न विचारलेलं नजरेतून सुटतं. चौकटी आणि आकृतिबंध (उताऱ्यातल्या माहितीने भरायच्या आकृत्या) पूर्ण करायला ते चालतं. स्वमताला (स्वतःचं मत लिहायच्या प्रश्नाला) संपूर्ण उतारा समजलेला लागतो. म्हणून एकदा सलग वाचन, मग कृती, मग परत उतारा, हा क्रम मला बरा वाटतो. वेळ कमी असेल तेव्हाच आधी फक्त आकृतिबंधांवर नजर टाकावी.

तासिका_तिसरी
कोपरी_पूल, हे पटलं. आधी प्रश्न वाचणारी कच्ची मुलं प्रश्नातला एक शब्द उताऱ्यात शोधतात आणि ते अख्खं वाक्य उतरवतात. उत्तर कधी बरोबर येतं, आकलन झालेलं नसतं. ते ओळखायला एक तरी प्रश्न उताऱ्यातला शब्द न वापरता विचारावा.

फळाखडू
सगळ्यांचे आभार. आता असा आराखडा करते आहे, चूक असेल तर सांगा:

विषय फळ्यावर, नकाशावर खाडी: १ मिनिट.
चार विधानं, वहीत, चर्चा नाही: ३ मिनिटं.
‘उधाण कधी येतं?’, मग ओहोटीचा व्हिडिओ: २ मिनिटं.
चार शब्द, डावीकडे: ४ मिनिटं.
मूकवाचन, दोन परिच्छेदांनंतर एक थांबा: १२ मिनिटं.
ओळ क्रमांकांसह विधानं पुन्हा: ५ मिनिटं.
जोडीत चर्चा आणि चौथं विधान सगळ्या वर्गात: ८ मिनिटं.

शीर्षकाचा अंदाज, शब्दजाळं आणि तक्ता काढून टाकले.

नेरूळ_पूर्व
दोन बदल सुचवते. उधाण आणि व्हिडिओ विधानांच्या आधी घ्या. विधानं भरल्यावर मुलांच्या मनात प्रश्न ताजे असतात, तेव्हा मध्ये दुसरं काही नको, लगेच वाचन हवं. म्हणजे क्रम: नकाशा, उधाण, शब्द, विधानं, वाचन. दुसरं म्हणजे चिखलात हवा नसते हे तुमच्या आराखड्यातून सुटलं आहे. व्हिडिओ चालू असताना एका वाक्यात सांगा.

कळवेकर
आणि १२ मिनिटं मूकवाचनाला सगळ्यांना पुरणार नाहीत. लवकर संपवणाऱ्यांनी चौथ्या विधानासाठी दोन ओळी निवडून ठेवाव्यात. मागे राहिलेल्यांना शेवटचा परिच्छेद तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे चर्चेला सगळे एकाच ठिकाणी असतील.

फळाखडू
करते तसं. ओळींना क्रमांक घालून उताऱ्याच्या प्रती आजच काढायला देते.